बाबा उद्या जाईन म्हणाले

डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीचचा तो तक्ता आपण सगळ्यांनीच कधी ना कधी घोकलाय. 'विल'चं 'वुड', 'इज'चं 'वॉज', 'टुमारो'चं 'द नेक्स्ट डे', 'हिअर'चं 'देअर'. चक्क फाइंड अँड रिप्लेस! आमच्या वेळी हे सगळं 'रेन अँड मार्टिन'मधून यायचं. त्यातले पी. सी. रेन हे इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते, आणि 'ब्यू जेस्ट' ही १९२४ ची गाजलेली कादंबरीही त्यांचीच. ज्याच्या कादंबरीतली माणसं इतकं बोलतात, त्याच्या नावावर आपण संवाद असे यंत्रासारखे उलटेपालटे करत बसलो, याची मला गंमत वाटते. असो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा तक्ता अर्धवट आहे, आणि त्याची किंमत मराठीत विचार करणारी मुलं मोजतात.

रविवारी सकाळी मी आमच्या शीव कोळीवाड्यात शेजारच्या तीन-चार मुलांचा अभ्यास घेतो. त्यातल्या आठवीतल्या एका मुलीने वहीत लिहिलं होतं, 'माय फादर सेड दॅट आय विल गो टू वाशी टुमारो.' त्यावर भली मोठी लाल फुली. ती मला विचारते, "पण दादा, पप्पा 'मी जाईन' असंच म्हणाले ना?"

आता बघा, मराठीत तिचं शंभर टक्के बरोबर आहे. 'बाबा म्हणाले की मी उद्या वाशीला जाईन.' 'की'च्या पुढे गेलो तरी 'मी' म्हणजे बाबाच. त्याहून सुटसुटीत म्हणजे, 'बाबा उद्या जाईन म्हणाले.' इथे 'मी' लिहिलेलाच नाही, पण 'जाईन' बाबांच्या तोंडचं आणि 'म्हणाले' आपल्या तोंडचं. चार शब्दांत दोन माणसं बोलतात आणि कुणाचा गोंधळ होत नाही! आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर मराठी बोलणाऱ्याचा टाइमस्टॅम्प त्याच्या टाइमझोनसकट जसाच्या तसा ठेवते. इंग्रजी तो सांगणाऱ्याच्या घड्याळात बदलून देते. दोन्ही पद्धती ठीक आहेत. मिसळल्या की बग.

शिवाय आपल्याकडे 'म्हणे' आहे. १९४७ च्या फाळणीनंतर आमच्या भागात पंजाबी निर्वासित येऊन राहिले. हार्बर लाइनवरचं 'कोळीवाडा' स्टेशन पुढे गुरू तेग बहादूर नगर झालं. आणि मुंबईभर मेन्यूकार्डावर दिसणारी 'प्रॉन्स कोळीवाडा' ही डिश कोळ्यांची नाहीच, ती इथल्या पंजाबी खानावळवाल्यांनी काढली म्हणे. बघा, एका 'म्हणे'त मी हात झटकून मोकळा :) इंग्रजीत यासाठी 'रिपोर्टेडली' वगैरे आहे, पण ते बातमीत शोभतं, जेवणाच्या टेबलावर नाही. तक्त्यात अर्थातच 'म्हणे'ला जागा नाही.

आता तक्ता अर्धवट का म्हणतो ते. 'टुमारो'चं 'द नेक्स्ट डे' कधी होतं? तो 'उद्या' उलटून गेल्यावर सांगत असलो तर. पप्पा सकाळी बोलले आणि मुलगी त्याच रात्री आईला सांगतेय, तर उद्या हा अजून उद्याच आहे. तेव्हा 'ही सेड ही विल गो टू वाशी टुमारो' हे उत्तम इंग्रजी आहे, कुठलाही इंग्रज असंच म्हणेल. 'हिअर'चंही तसंच. त्याच जागी उभं राहून सांगितलं तर 'हिअर' हे 'हिअर'च राहतं. म्हणजे हे फंक्शन चालवायला कोण, कुणाला, कधी, कुठे सांगतोय हे इनपुट लागतं. प्रश्नपत्रिका त्यातलं काहीच देत नाही आणि वर एकच उत्तर बरोबर धरते! त्या मुलीला मी "हे तू कुणाला सांगतेयस? कधी?" एवढंच विचारत गेलो, तर पाचपैकी चार वाक्यं तिने तक्त्याशिवाय जमवली.

कुणी म्हणेल, दोन-चार मार्कांचा प्रश्न, एवढं काय! पण ही सवय ऑफिसपर्यंत येते. मागे एका प्रोजेक्टवर आमच्यातल्या एका ज्युनिअरने कॉलचे मिनिट्स लिहिले. क्लायंटचा मॅनेजर म्हणाला होता की फाइल मी शुक्रवारपर्यंत पाठवतो. पोराने लिहिलं, 'मॅनेजर सेड दॅट आय विल सेंड द फाइल बाय फ्रायडे.' मराठीत वाचा, चूक सापडते का? तिकडे मात्र त्यांनी वाचलं की फाइल हा मुलगा पाठवणार आहे. शुक्रवारी दोन्हीकडचे लोक एकमेकांची वाट बघत बसले. सोमवारी खापर फुटलं पोरावर, "तूच लिहिलंयस ना!" अप्रेझलला शेरा आला, कम्युनिकेशन वीक. चांगला कोड लिहिणारा मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला. त्याचं इंग्रजी कच्चं आहे असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. ते वाक्य मराठीच्या नियमाने अगदी पक्कं होतं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

शाळेत हा धडा मराठी वाक्यापासून सुरू करायला काय हरकत आहे? आधी मुलांना दाखवा की आपण 'मी' तसाच ठेवतो, आणि इंग्रज तो स्वतःच्या जागेवरून बदलतो. मग तक्ता द्या हवा तर. इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही हे लागेल, घरी तीही 'जाईन म्हणाले'च बोलतात.

आमच्या टीमने आता मिनिट्समध्ये 'आय' आणि 'ही' दोन्ही बंद केलेत. सरळ नाव आणि तारीख लिहायची. त्या पोराचा शेरा मात्र त्या वर्षी कुणी बदलला नाही, आणि पुढच्या वर्षी तो कंपनी सोडून गेला.