गर्दुल्ला : गुन्हेगार की रुग्ण?

एखाद्या तरुणाला 'गर्दुल्ला' म्हटले की समाजाने त्याच्याविषयी आपला अंतिम निकाल देऊन टाकलेला असतो. १९८० नंतरच्या दशकात मुंबईच्या गल्लीबोळांतून 'गर्द', म्हणजे अशुद्ध हेरॉइन, पसरले आणि हा शब्द मराठीत रूढ झाला. शब्दाबरोबर तिरस्कारही आला. परंतु ज्याचा तिरस्कार करावयाचा त्याला नेमके झाले आहे तरी काय, हे जाणून घेण्याची जिज्ञासा सुशिक्षितांनीही क्वचितच दाखविली.

व्यसन म्हणजे निव्वळ मनाची दुर्बलता, ही समजूत प्रथम सोडावयास हवी. हेरॉइन हे अफूचेच अपत्य. रोजच्या सेवनाने शरीराला त्याची सवय होते व कालची मात्रा आज पुरेनाशी होते. सुखासाठी घेतलेली पुडी पुढे केवळ यातना टाळण्यासाठी घ्यावी लागते. ती न मिळाल्यास अंग ठणकते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. व्यसनी मंडळी या अवस्थेला 'टर्की' म्हणतात. ती आठवड्या-दहा दिवसांत ओसरते. ओढ मात्र वर्षानुवर्षे टिकू शकते.

'चार महिने तुरुंगात टाका, आपोआप सुटेल', हे मत किती भ्रामक आहे, हे यावरून ध्यानात येईल. इतकेच नव्हे, तर ते घातकही आहे. सेवनात खंड पडला की शरीराची सहनशक्ती उतरते. सुटून आलेल्या माणसाने पूर्वीचीच मात्रा घेतली, तर श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो.

कायद्याची भूमिका येथे दुहेरी आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने सेवन हाच गुन्हा ठरविला; हेरॉइनच्या सेवनास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १९८९ साली हा कायदा अधिक कठोर झाला, तर २००१ साली पदार्थाच्या प्रमाणानुसार शिक्षेची प्रतवारी करण्यात आली. मात्र याच कायद्याच्या कलम ६४ अ अन्वये, सेवनाचा अथवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने शासनमान्य रुग्णालयात स्वेच्छेने उपचार घेतले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. ही तरतूद किती पालकांना ठाऊक आहे?

केंद्र शासनासाठी 'एम्स'ने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, अफूजन्य पदार्थांच्या सेवनामुळे साहाय्याची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७७ लाख आहे. बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांपैकी जेमतेम एकालाच रुग्णालयात राहून उपचार मिळाले होते. मद्याच्या आहारी गेलेल्यांत तर हे प्रमाण १८० मध्ये एक इतके अल्प होते. गर्दच्या नावाने नाक मुरडणाऱ्या समाजाने हा दुसरा आकडाही विसरू नये.

याचा अर्थ विक्रेत्यांना मोकळे सोडावे असा नव्हे. त्यांच्याविरुद्ध कायदा कठोरच असावा. परंतु पुडी विकणारा आणि त्या पुडीचा बळी यांना एकाच तराजूत तोलणे हा न्याय नव्हे. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले, ते व्यसनी हा रुग्ण आहे याच श्रद्धेने. औषधाइतकाच जिव्हाळा, आणि उपचारानंतरचा दीर्घ पाठपुरावा, हे या मार्गाचे सार होय. पुन्हा घसरलेला रुग्ण हा कृतघ्न नसून दीर्घकालीन आजाराचा रुग्ण आहे, हेही घरच्यांनी समजून घेतले पाहिजे.

शासनाने जिल्ह्याजिल्ह्यात उपचारांची सोय वाढवावी, ही मागणी रास्तच आहे. पण अब्रूच्या भीतीने मुलाचे व्यसन लपविणारे घर, आणि बभ्रा नको म्हणून विद्यार्थ्याचे नाव पटावरून कमी करणारी शाळा, यांना शासन काय करणार? आजार उघड सांगता आला, तरच त्यावर इलाज होतो. तेवढे धैर्य त्या तरुणाला देणे, हे मात्र आपल्याच हाती आहे.