वाघनखं आणि पेटीवरचा मोगल

2025चा उन्हाळा. चार दिवस सुटी टाकून अमरावतीला घरी गेलो होतो. अकोल्याहून ताई आणि तिचं पोरगं पण आलेलं. लंडनहून आणलेली वाघनखं तेव्हा नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, ठेवली होती. "मामा, चाल ना पाहाले!" असा धोशा भाच्याने दोन दिवस लावला. शेवटी नागपूरच्या त्या उन्हात गेलो बापा एकदाचे.

काचेमागे ती वस्तू पाहिली आणि आधी जाणवलं ते तिचं छोटेपण. एक पोलादी पट्टी, दोन टोकांना दोन कड्या, खाली वाकडी नखं. कड्या बोटांत घालायच्या आणि मूठ मिटायची, की नखं तळहातात गायब. समोरच्याला दिसल्याच तर दोन अंगठ्या दिसणार. काय डोकं लावलंय राव! इंजिनियर माणूस असल्या डिझाइनपुढे दोन मिनिटं गप्प होतो.

तेवढ्यात भाच्याने विचारलं, "मामा, हेच होय का ते? खानाच्या पोटातलं?"

आणि मी म्हणालो, "हो."

हा लेख त्या "हो"बद्दल आहे.

कारण मला माहीत होतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने, ज्यांची ही वस्तू आहे त्यांनी, स्वतःच्या नोंदीत सरळ लिहून ठेवलंय की महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच, याची खातरजमा करता आलेली नाही. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी म्युझियमशी पत्रव्यवहार करून तेच जाहीरपणे सांगितलं. तरी 2023च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला करार झाला तेव्हा आणि 2024च्या जुलैमध्ये नखं साताऱ्यात आली तेव्हा आपल्याकडे वाजतगाजत काय सांगितलं गेलं? "महाराजांची वाघनखं." प्रश्नचिन्ह वाटेत कुठेतरी कस्टम्समध्ये अडकलं असावं.

आता त्या पेटीकडे या. नखांसोबत एक पेटी आहे आणि तिच्यावर इंग्रजीत मजकूर आहे. मतितार्थ असा: ज्याने शिवाजीने मोगल सेनापतीला मारलं ते हे वाघनख, साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांना मराठ्यांच्या पेशव्याच्या पंतप्रधानाने दिलं.

पुन्हा वाचा. मोगल सेनापती? अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार, हे चौथीच्या इतिहासात आपण सगळे घोकलोय. अहो, मोगल सेनापती कसा असतो हे आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना विचारा, आमच्या बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगाची छत्री उभी आहे! आणि पेशव्याचा पंतप्रधान? पेशवा हाच पंतप्रधान. पंतप्रधानाचा पंतप्रधान कोण असतो? दीड ओळीच्या मजकुरात दोन चुका. कोणी ज्युनियरने असलं डॉक्युमेंट दिलं तर आम्ही हापिसात ते परत पाठवतो. इथे मात्र सगळा दावा त्याच दीड ओळीवर उभा आहे.

प्रतापगडची भेट 10 नोव्हेंबर 1659ची. ग्रँट डफ साताऱ्याला आला 1818मध्ये. मधली 159 वर्षं ही वस्तू कुठे होती, कोणाच्या ताब्यात होती, कोणी सांभाळली? म्युझियमचा अंदाज असा की 1818च्या पराभवानंतर दुसऱ्या बाजीरावाने ती दिली असू शकेल. असू शकेल! एवढ्या वर्षांचा लॉग गायब आहे आणि आपण शेवटची नोंद बघून ठोकून देतोय की सिस्टिम पहिल्यापासून चालूच होती.

हे सगळं मी परत आल्यावर आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकलं. (चूक झाली.) अकोल्याच्या काकांचा व्हॉइस मेसेज आला: "काहून रे, दोन बुकं जास्त शिकला तं महाराजांवर शंका घेतं का तू?" एका चुलतभावाने तर थेट देशद्रोही ठरवलं आणि खाली भगव्या झेंड्यांची रांग.

काका, महाराजांवर शंका कोण घेतंय? मी शंका घेतोय एका इंग्रज पेटीवर. प्रतापगडचा पराक्रम त्या पट्टीवर अवलंबून नाही. सभासदाची बखर त्याच शतकाच्या शेवटच्या दशकात जिंजीला लिहिली गेली. लिहिणारा महाराजांच्याच पदरचा माणूस, आणि त्यात डाव्या हातातलं वाघनख आणि बिचवा दोन्ही आहेत. ही आपली साक्ष, आपल्या भाषेतली. महाराज निःशस्त्र गेले असते, तरच आश्चर्य. म्हणजे लपवलेल्या हत्याराची गोष्ट बनावट म्हणून उडवून लावणारे जे शहाणे आहेत, त्यांच्याशीही माझं जमत नाही. वाघनख होतं, याला आधार आहे. ते "हेच" होतं, याला नाही. ही दोन वाक्यं वेगळी आहेत हो!

मला खरी चीड येते ती इथे. एरवी ग्रँट डफच्या इतिहासात चुका काढणारे, इंग्रजांनी आपला इतिहास बिघडवला म्हणून सांगणारे लोक, त्याच घराण्यातून आलेल्या पेटीवरच्या ओळीला मात्र मान डोलावतात. का? तर ती आपल्याला हवं ते सांगते. अफजलखानाला मोगल करून टाकलं तरी चालतं!

सरकारने आणायलाच नको होती असं मी म्हणत नाही. खर्च चौदा लाखांच्या आसपास झाल्याचं विधानसभेत सांगितलं गेलं, त्यावर ओरडण्यासारखं काही नाही. पोरं संग्रहालयात आली, रांगा लागल्या, चांगलंच झालं. फक्त वर मोठ्या अक्षरात मराठीत लिहायचं होतं: ही वाघनखं महाराजांची असल्याचं सांगितलं जातं, पुरावा मिळालेला नाही, पेटीवर काय लिहिलंय ते वाचा आणि चुका शोधा. पोरं तुटून पडली असती. आणि पुरावा मिळायचाच असेल तर तो पुण्याच्या पेशवे दप्तरात मिळेल. तिथे कोट्यवधी मोडी कागद आहेत आणि मोडी वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. तिकडे कोणाची मिरवणूक जात नाही.

त्या रविवारी रात्री भाच्याला फोन केला. म्हटलं, मी तुला चुकीचं सांगितलं. पेटीवरचा मजकूर मराठीत वाचून दाखवला. थोडा वेळ शांतता. मग, "मामा, पण खान तं विजापूरचा होता ना?"

"होता."

"मंग त्याईच्या सरनं काहून नाई तपासलं?"

मी काय बोलणार? आता पुढच्या सुटीत त्याला बाळापूरची छत्री दाखवायचं कबूल केलंय. चुलतभावाने मला अजून ब्लॉक ठेवलंय. उद्या सोमवार, सकाळी रिलीज आहे, झोपतो.