जुन्या मोटारीची रास्त किंमत

जुनी मोटार घ्यावयाची म्हटले म्हणजे प्रथम साल विचारले जाते, मग किलोमीटर, मग मालक पहिला की दुसरा, आणि एवढे ऐकून माणूस मनाशी आकडा ठरवून मोकळा होतो. परंतु ज्या चेन्नईत 2015 च्या डिसेंबरात अडयार नदीचे पाणी सैदापेट, कोट्टूरपुरम आणि मुडिचूरच्या घरांत शिरले, आणि 2023 च्या डिसेंबरात मिचौंग चक्रीवादळाच्या पावसाने पल्लीकरणैच्या वसाहतीतील मोटारी होडीसारख्या वाहवत नेल्या, त्या शहरात या सर्व प्रश्नांच्या आधी दुसराच प्रश्न विचारला पाहिजे: त्या दिवशी ही मोटार कोठे उभी होती?

पुष्कळजण हिशेबाची सुरुवात विमापत्रातील आकड्यापासून करतात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र त्या आकड्यामागचा तक्ता नीट पाहावा. नव्या मोटारीच्या किमतीतून पहिल्या सहा महिन्यांत शेकडा 5, वर्षापर्यंत 15, दुसऱ्या वर्षी 20, मग 30, 40 आणि पाचव्या वर्षी 50 अशी घट धरण्याचा दंडक आहे. पाच वर्षे उलटली की तक्ता संपतो, आणि पुढील मूल्य विमा कंपनी व मालक यांनी परस्परसंमतीने ठरवावे एवढेच कलम उरते. म्हणजे वाहन खऱ्या अर्थाने जुने होऊ लागते नेमके तेथेच वयाचे गणित थांबते, आणि दहा-बारा वर्षांच्या मोटारीची उरलेली हयात किती व ती धडपणे जाण्यासाठी खर्च किती, या दोनच बाबींवर निर्णय करावा लागतो.

हयातीचा काही भाग सरकारी दप्तरात लिहिलेला असतो. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची. त्यापुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. सबब 2013 साली नोंदलेली मोटार घेणाऱ्याने 2028 सालचा खर्च आजच हिशेबात धरावा. पुण्या-मुंबईहून बदली होऊन येथे आलेली मराठी कुटुंबे परतताना ‘एमएच’ क्रमांकाची मोटार येथेच विकू पाहतात, तेव्हा भाव पडून मागितला म्हणून खिन्न होतात. पण बारा महिन्यांहून अधिक काळ परराज्यात राहिलेल्या वाहनाची नोंदणी तेथे करून घेणे मोटार वाहन कायद्याच्या 47 व्या कलमाने बंधनकारक आहे. तामिळनाडूचा आजीवन कर नव्याने भरावा लागतो, आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज आणि तगादे यांचा व्याप निराळाच. हा कर घेणाऱ्याच्या माथी येणार असेल, तर किंमत तेवढी उतरणे हे न्याय्यच आहे. तसेच 22 सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला असल्यामुळे त्याआधीच्या सौद्यांचे दाखले आता ग्राह्य धरू नयेत.

याउलट, भीतीपोटी पडलेला भाव हा नेहमीच रास्त भाव असतो असे नाही. मरैमलै नगरच्या कारखान्यात घडलेल्या फोर्डच्या मोटारी या शहराच्या घरच्याच. 2021 च्या सप्टेंबरात कंपनीने येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली आणि खरेदीदार बिचकले, जरी सुटे भाग व दुरुस्ती चालू राहील असे कंपनीने त्याच वेळी सांगितले होते. निगा राखलेली इकोस्पोर्ट, चोख नोंदवहीसह, केवळ त्या धास्तीपायी मातीमोलाने मागणे मला अनुचित वाटते.

कूवमच्या काठी पुदुपेटच्या गल्ल्यांत, जेथे मोडीत निघालेल्या मोटारींची दारे, आरसे आणि गिअरबॉक्स दुकानांपुढे रचून ठेवलेले असतात, तेथे एका कारागिराला मी मोटार पारखताना पाहिले. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. चालकाच्या आसनाचा पट्टा त्याने शेवटपर्यंत बाहेर ओढला, आणि जो भाग एरवी गुंडाळीतच राहतो त्यावर एक तपकिरी रेघ उमटलेली दिसली. मग आसन मागे सरकवून त्याने रुळाच्या बोल्टांवरचा गंज नखाने खरवडला. ‘तण्णी, सार,’ एवढाच त्याचा निवाडा: पाणी शिरले होते. अशा मोटारीचे इंजिन उघडून साफ करता येते, गालिचे बदलता येतात, परंतु तारांच्या जोडांत आणि नियंत्रण-पेट्यांत शिरलेला ओलावा महिनोन्‌महिने धातू खात राहतो, आणि बिघाड प्रकट होतो तेव्हा विकणारा दूर गेलेला असतो. बेसंट नगर किंवा तिरुवान्मियूरच्या खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या मोटारीच्या दारांच्या खालच्या कडाही अशाच बोटांनी चाचपून पाहाव्यात. टायरच्या अंगावरील चार अंक वाचावेत, ‘2319’ म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. आणि वातानुकूलन यंत्र भर दुपारी वाहतुकीत अर्धा तास चालवून पाहावे, कारण या शहरात ती चैन नव्हे. जेवढे बदलावे लागेल तेवढे किमतीतून वजा करावे.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्याच बाजाराचा दाखला घेऊन असे दाखविले की विकणाऱ्याला ठाऊक असलेला दोष घेणाऱ्याला ओळखता येत नाही, तेथे सर्वच मालाला सरासरी भाव मिळतो, आणि चांगला माल बाजारातून हळूहळू निघून जातो. 2001 साली त्यांना मिळालेल्या नोबेल पुरस्कारात या विचाराचा मोठा वाटा होता. मला यात दोष केवळ विकणाऱ्याचा दिसत नाही. वेलचेरीतील एखादा सज्जन गृहस्थ आपण होऊन सांगतो की पाणी आसनापर्यंत आले होते, ही घ्या दुरुस्तीची बिले. आणि समोरचा माणूस त्या सत्याची कदर करण्याऐवजी त्याचेच हत्यार करून निम्म्या किमतीवर येतो, आणि मग जो काहीच बोलत नाही त्याच्याकडून आनंदाने पूर्ण भावात मोटार घेतो. सांगितलेल्या दोषाचा खर्च वजा करावा, त्याहून एक रुपयाही नाही. आणि न सांगितलेल्या दोषाची शंका असेल तर कितीही स्वस्त असली तरी ती मोटार सोडून द्यावी.

विकणाऱ्यांना माझी विनंती आहे की सौद्याच्या कागदावर पुराची हकीकत, असेल वा नसेल, एका वाक्यात स्वहस्ते लिहून द्यावी, आणि घेणाऱ्यांनी ती मागून घ्यावी. नामांतराची दिरंगाई तर कोणीच करू नये: विक्रीची खबर 14 दिवसांत आणि घेणाऱ्याचा अर्ज 30 दिवसांत परिवहन कार्यालयात गेला पाहिजे, कारण अपघाताच्या भरपाईची जबाबदारी दप्तरात ज्याचे नाव आहे त्याच्यावरच राहते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 सालचा निर्णय आहे.