गळ्यातल्या क्रूसावरून मत ओळखू नका

१५ ऑगस्टला आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या कॅथलिक शिक्षकाची सकाळ दुप्पट घाईची असते. मरिया मातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण त्याच दिवशी येतो. मिस्सा चुकवून चालत नाही, झेंडावंदन तर नाहीच नाही. चर्चमध्ये देशासाठी आणि राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते आणि तीच माणसं कपड्यांची इस्त्री सांभाळत शाळेच्या मैदानावर येतात. लहानपणापासून हे दोन्ही एकाच सकाळी पाहिलेल्या माणसाला देव आणि देश यांत निवड करावी लागते, असं कधी वाटलेलंच नसतं.

ती निवड त्याच्यापुढे आपण ठेवतो. कधी थट्टेत: ‘तुमचं काय सर, तुमचा राजा रोमला!’ कधी निवडणुकीच्या दिवसांत शिक्षकखोलीत: ‘तुमची मतं कुठे जाणार ते ठाऊक आहे आम्हाला.’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. पण ऐकणारा दरवेळी एक परीक्षा देत असतो, आणि ती दुसऱ्या कुणाला द्यावी लागत नाही. पालकांनो, मुख्याध्यापकांनो, शाळा समितीच्या सभासदांनो, आणि ख्रिस्ती शिक्षकांनो, तुम्हालाही, काही गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट आपल्याच किनाऱ्यावरची. कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लईचा किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याशी कोर्लई गाव. पोर्तुगीज १७४० मध्ये चौल-रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांच्या हवाली करून निघून गेले. त्यांच्या धर्माची माणसं मात्र इथेच राहिली. मराठे आले, आंग्रे आले, इंग्रज आले, शेवटी स्वातंत्र्य आलं. या सगळ्या काळात गावानं माउंट कार्मेल मातेची भक्ती सोडली नाही आणि घरात बोलायची पोर्तुगीज वळणाची ‘नॉ लिंग’ ही बोलीही सोडली नाही. पोर्तुगाल परत यावं म्हणून हे गाव एवढी वर्षं वाट पाहत बसलं नव्हतं. शेती, मासळी, मराठी शाळा आणि आपली प्रार्थना एवढ्यावर ते उभं राहिलं. धर्म एका राज्यकर्त्याबरोबर आला म्हणजे निष्ठाही त्याच्याबरोबर जहाजात बसून गेली, हा हिशेब कोर्लईत चुकतो.

आता जुन्या वळणाच्या ख्रिस्ती घरात मूल काय शिकतं ते पाहा. कॅथलिक घरात संध्याकाळी रोझरी, रविवारी मिस्सा आणि धर्मशिक्षणाचा वर्ग. प्रोटेस्टंट घरात रोजचं बायबलवाचन, रविवारची उपासना, बहुतेक ठिकाणी दारूला बंदी. घटस्फोट, गर्भपात या विषयांवर ही घरं कडक असतात. सत्तेबद्दल मात्र त्यांना दोन शिकवणी एकदम मिळतात. रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, कर भरा. दुसरीकडे प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र आणि त्याचे सोबती न्यायसभेपुढे उभं राहून बजावतात की माणसापेक्षा देवाचं ऐकणं आम्हाला भाग आहे. यांतली कोणती शिकवण कधी जड होईल, हे माणसाच्या काळावर, पोटापाण्यावर आणि त्याला घडवणाऱ्यांवर अवलंबून असतं.

पोटापाण्याचं उदाहरण घ्या. उरण, ठाणे, वसई, मुंबई या पट्ट्यातल्या मूळच्या मराठीभाषक कॅथलिकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. गोवा-मंगळुराकडून येणाऱ्या ख्रिस्ती उमेदवारांपासून आपली ओळख वेगळी राहावी आणि सरकारी नोकऱ्यांतला आपला जुना हक्क टिकावा, हा त्यामागचा उघड व्यवहार होता. राणीच्या महोत्सवी वर्षी नाव घेण्यातली ही राजनिष्ठा बायबलातून कमी आणि नोकरीच्या चिंतेतून जास्त आली होती. त्या काळी तशी चिंता करणारे सर्व धर्मांत होते.

त्याच बायबलातून जे. सी. कुमारप्पांना नेमकं उलटं सापडलं. तंजावरच्या श्रद्धाळू ख्रिस्ती घरातले हे गृहस्थ गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात शिकवत होते. १९३० च्या सत्याग्रहात कलकत्त्याचे बिशप वेस्टकॉट कायदेभंगाच्या विरोधात गेले, तेव्हा कुमारप्पांनी त्यांना येशूच्याच शिकवणुकीचा आधार देऊन विरोध केला. पुढे ते तुरुंगात गेले, वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचं काम उभारलं. बिशप श्रद्धावान होते आणि प्राध्यापकही श्रद्धावान होते. ग्रंथ एक, राजकारण मात्र समोरासमोर.

मराठी वाचकाला कोकणातलं उदाहरण हवं तर रेव्हरंड नारायण वामन टिळक आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा हा चित्पावन मुलगा. पोटासाठी ठिकठिकाणी शिक्षकी केली, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला म्हणून देश बदलला नाही, हे त्यांनी आयुष्यभर दाखवलं. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं ते मानत. उपासनेत अभंग आणि कीर्तन आणलं. आपल्या मंडळीनं परक्या मिशनच्या पैशावर जगू नये असं त्यांना वाटे आणि १९१७ मध्ये त्यांनी स्वतः मिशनची नोकरी सोडली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ अनेकांच्या घरी असेल. ते या नजरेनं पुन्हा वाचा.

संविधान सभेतही शिक्षकच दिसतात. तिचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी कलकत्ता विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. फादर जेरोम डिसूझा मद्रासच्या लोयोला कॉलेजचे प्राचार्य होते. दोघेही निष्ठावान ख्रिस्ती. विधिमंडळात धर्मावर आधारित राखीव जागा आम्हाला नकोत, ही भूमिका तिथल्या ख्रिस्ती प्रतिनिधींनी घेतली. मात्र धर्म पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य अनुच्छेद २५ मध्ये राहिलं पाहिजे, असा आग्रह धरला. जागा सोडल्या, सदसद्विवेकाचा हक्क राखला. अल्पसंख्याकांचे लाड झाले असं म्हणणाऱ्यानं आणि आमचं कुणी ऐकत नाही असं म्हणणाऱ्या ख्रिस्ती तरुणानंही हा व्यवहार एकदा समजून घ्यावा.

अमेरिकेत चित्र वेगळं दिसतं. तिथल्या शाळांतली ध्वजनिष्ठेची प्रतिज्ञा १८९२ मध्ये एका बाप्टिस्ट पाळकानं लिहिली आणि तिच्यात देवाचा उल्लेख १९५४ मध्ये घालण्यात आला. तिथे ख्रिस्ती लोक बहुसंख्य आहेत, त्यामुळे जुन्या वळणाच्या अनेक शिक्षकांना देव आणि ध्वज एकाच खांबावर दिसतात. त्याच वळणाचा आपल्याकडचा शिक्षक संख्येनं थोडका आहे, म्हणून तो बहुधा संविधानाच्या आधारानं उभा राहतो. श्रद्धा सारखीच, पण जागा बदलली की तिचं राजकारण बदलतं. तेव्हा अमेरिकेतल्या बातम्या वाचून मुरूडच्या ख्रिस्ती शिक्षिकेबद्दल मत बनवू नका.

शिवाय शिक्षकाच्या राजकारणाला धर्माखेरीज आणखी एक मूळ असतं: पगार. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्याला जुनी पेन्शन नव्हती, यावरून मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. संचमान्यता (शिक्षकपदांची मंजुरी), विनाअनुदानित तुकड्या, शिक्षणसेवकाचं तुटपुंजं मानधन, बीएलओची (मतदारयादीची) कामं हे विषय कोकण विभाग शिक्षक मतदारसंघात मत मागायला येणाऱ्याला टाळता येत नाहीत. डिमेलो सर आणि म्हात्रे सर तिथे एकाच रांगेत, बहुधा एकाच चिंतेनं उभे असतात.

राहिला राष्ट्रगीताचा आणि प्रार्थनेचा प्रश्न. १९८५ मध्ये केरळमधल्या यहोवाचे साक्षीदार पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढलं. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदरानं उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये त्यांना परत घ्यायला सांगितलं. बहुतेक ख्रिस्ती मंडळींचा राष्ट्रगीत गाण्याला काहीही आक्षेप नाही आणि ती मोकळ्या गळ्यानं गातात. तरीही हा निकाल प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक असावा. आपल्याकडेही प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून नाशिकच्या एका शिक्षकाची वेतनश्रेणी अडवली गेली होती. तो ख्रिस्ती नव्हता. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. आदर सक्तीनं वदवून घेता येत नाही, हे दोन्ही निकालांचं सार आहे.

आता ज्यानं त्यानं करायच्या गोष्टी.

पालकांनो, शिक्षकाला वर्गातल्या कामावरून जोखा. वह्या तपासतो का, मुलाला मारतो का, सगळ्या मुलांना सारखं वागवतो का, हे विचारा. धर्माबद्दल खरंच तक्रार असेल, तर काय बोलले, कधी बोलले, कोणत्या वर्गात बोलले हे लिहून मुख्याध्यापकांकडे द्या. व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलेल्या अर्धवट ओळीनं एखाद्याची नोकरी आणि गावातली पत दोन्ही जातात, आणि खरं काय ते कळेपर्यंत उशीर होतो.

मुख्याध्यापकांनो, गुड फ्रायडे आणि नाताळच्या दिवशी ख्रिस्ती शिक्षकांना प्रशिक्षणाला किंवा तपासणीला बसवू नका. २६ जानेवारीचं भाषण त्यांना जरूर द्या, पण ‘बघू तरी काय बोलतात’ म्हणून देऊ नका. परिपाठात संविधानाची प्रास्ताविका रोज नीट, अर्थ सांगून वाचली जाते ना, हे मात्र पाहा. कारण सगळ्यांना एकत्र उभं करणारा मजकूर तोच आहे.

ख्रिस्ती शिक्षकांनो, तुमच्याकडूनही मागणं आहे. वर्ग म्हणजे व्यासपीठ नव्हे, मग ते चर्चचं असो वा पक्षाचं. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत मुलाला त्याच्या पालकांच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत ओढता येत नाही, हे अनुच्छेद २८ सांगतो. २०२४ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनंही आपल्या शाळांना हेच बजावलं: इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका, प्रास्ताविका वाचा. इतिहास शिकवताना गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेलं इन्क्विझिशन (धर्मन्यायालय) गाळू नका. तेवढ्याच सरळपणे १८२३ मध्ये सावित्री नदीपलीकडच्या बाणकोटला स्कॉटिश मिशनऱ्यांनी सुरू केलेलं कामही सांगा. जोतीराव फुले अशाच स्कॉटिश मिशनच्या पुण्यातल्या शाळेत शिकले, ख्रिस्ती न होता विचार घेऊन बाहेर पडले. चांगल्या शिक्षणानं मूल स्वतःचा विचार करायला लागतं, ते आपल्या पंथात येईलच असं नाही, हे या उदाहरणावरून तुम्ही वर्गाला सांगू शकता. आणि मतदानाच्या आधी कुणी नावांची यादी पुढे केली, मग ती कोणत्याही हातातून येवो, तर ती बाजूला ठेवून उमेदवाराचं काम पाहा.

ख्रिस्ती आईबापांनो, मुलांना प्रार्थनेबरोबर टिळक, कुमारप्पा आणि मुखर्जीही शिकवा. आपण या देशात पाहुणे आहोत या भावनेत मूल वाढलं, तर मोठेपणी ते एकतर गप्प बसतं किंवा चिडतं. आपल्या घरातल्या माणसांनी हा देश घडवताना हात लावला आहे हे कळलं, तर ते वाद घालतं, मतभेद मांडतं, हक्कानं बोलतं. नागरिकाकडून आपल्याला तेच हवं आहे.

आणि शिक्षकखोलीतल्या सहकाऱ्यांनो, पुढच्या वेळी निवडणुकीची चर्चा निघेल तेव्हा फर्नांडिस बाईंना त्यांच्या समाजाचं मत विचारू नका. त्यांचं स्वतःचं मत विचारा, आणि त्या सांगायला तयार असतील तर पूर्ण ऐकून घ्या. पटलं नाही तर म्हात्रे सरांशी घालता तसाच वाद त्यांच्याशीही घाला.