भाकीत, प्रतिरूप आणि 'करार'

बायबलमधील संदेष्ट्यांची पुस्तके वर्गात शिकवताना पहिली अडचण होते ती 'भाकीत' या शब्दाची. मराठीत भाकीत म्हणजे पुढे घडणाऱ्या गोष्टीचे आगाऊ कथन. त्यामुळे संदेष्टा विद्यार्थ्याला ज्योतिष्यासारखा भासतो आणि नव्या करारात भाकीत पूर्ण झाल्याचा उल्लेख आला की तो ताळा पाहू लागतो. या ताळ्यात मत्तय सपशेल नापास होतो. ज्या कारणाने तो नापास होतो, तेच आम्हांला साहित्यदृष्ट्या मोलाचे वाटते.

हेरोद राजाच्या भयाने बाळ येशूला मिसर देशात नेले जाते. या प्रसंगी मत्तय होशेयच्या अकराव्या अध्यायातील पहिल्या वचनाचा हवाला देतो. होशेय उघडून पाहावे तर तेथे भविष्याचा मागमूसही नाही. तेथे आहे ती आठवण: इस्राएल नावाच्या लेकराला देवाने मिसरातून बोलावून आणल्याची आणि ते लेकरू हाक मारावी तसे दूर पळत गेल्याची. मग मत्तयाने अवतरणाची मोडतोड केली काय? आमच्या मते नाही. लेकरांना मारणारा राजा, मिसर, पाण्यातून जाणे, अरण्यातील चाळीस दिवस आणि मग डोंगरावरील उपदेश, हा क्रम मत्तय एका व्यक्तीच्या चरित्रात पुन्हा उभा करतो. 'पूर्ण होणे' म्हणजे येथे अंदाज खरा ठरणे नव्हे. जुना आकृतिबंध नव्याने भरून येणे होय. ही रीत ख्रिस्ती भाष्यकारांनी बाहेरून आणलेली नाही, हेही ध्यानात घ्यावे. यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात बाबेलहून होणारी सुटका दुसरे मिसर-निर्गमन म्हणूनच रंगवली आहे, आणि खुद्द होशेयलाही मिसर ही गतकाळापुरती गोष्ट वाटत नाही.

या वाचनपद्धतीचे सर्वांत नेमके वर्णन एरिख आउअरबाख यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या 'फिगुरा' या निबंधात केले. रूपकात एक टोक नुसते चिन्ह असते; प्रतिरूपात मात्र दोन्ही टोके इतिहासात घडलेली, स्वतःच्या वजनाची असतात, हा त्यांचा मुद्दा. हे लिहिणारा माणूस ज्यू म्हणून १९३५ साली मारबुर्गच्या प्राध्यापकपदावरून दूर केला गेला होता आणि इस्तंबूलमध्ये आश्रयाला होता. जुना करार ज्यूंचा म्हणून टाकून द्यावा, असे जर्मनीतील काही ख्रिस्ती गट त्याच दशकात उघड म्हणत होते. 'पहिले टोक खरे आहे' हे विधान त्या वेळी केवळ अलंकारशास्त्राचे नव्हते.

आता 'करार'. आपल्या बायबलच्या दोन्ही भागांच्या नावांत बसलेला हा शब्द घरभाड्याच्या कागदाची आठवण करून देतो. मूळ हिब्रू शब्द 'बेरीत', आणि तो करायचा नसतो, 'कापायचा' असतो. मराठीत करार तोडला की संपला. हिब्रूत कापला की सुरू होतो! उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात पशूंचे दोन दोन भाग करून समोरासमोर मांडले आहेत आणि त्यांच्यामधून धुराची भट्टी व जळती मशाल पुढे सरकते. वचन मोडणाऱ्याची गत या पशूंसारखी व्हावी, असा या विधीचा अर्थ यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायावरून उघड होतो. अब्राहाम मात्र त्या वेळी गाढ झोपेत आहे. भागांमधून जातो तो देव एकटाच. ग्रीक भाषांतरकारांनी 'बेरीत'साठी 'दियाथेके' हा शब्द योजला, ज्याचा रूढ अर्थ मृत्युपत्र. इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने या श्लेषाचा पुरेपूर उपयोग केला: मृत्युपत्र अमलात यायचे तर ते करणारा मरावा लागतो. एका भाषांतरित शब्दाने केवढी मजल मारली!

त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात यिर्मयाचा 'नवा करार' सविस्तर उद्धृत होतो आणि पहिला करार जीर्ण ठरतो. यिर्मयाने मात्र तो करार इस्राएल व यहूदा यांच्या घराण्यांशी होईल असे म्हटले होते. गलतीकरांस पत्रात पौलाने हागार आणि सारा यांना दोन करार केले, तेव्हा हागारेची तहान, तिचे रडणारे पोर, हे सारे मागे पडले. स्ट्रासबुर्गच्या कॅथीड्रलसाठी तेराव्या शतकात घडवलेल्या दोन स्त्रीमूर्ती पाहाव्यात. एक मुकुट ल्यालेली ख्रिस्तसभा. दुसरी ज्यू सभा, डोळ्यांवर पट्टी, मोडका भाला, हातून निसटू पाहणाऱ्या नियमशास्त्राच्या पाट्या. प्रतिरूपाचे पहिले टोक पुसले की काय उरते, ते या दगडात दिसते.

सतराव्या शतकातील प्रॉटेस्टंट करार-सिद्धान्ताने, योहान्स कोकेयस आणि वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा यांनी, सारे बायबल कृपेच्या एकाच कराराच्या सूत्रात ओवले. रचना म्हणून ती भव्य आहे. पण तिच्यात इस्राएल ख्रिस्तसभेत विरून जाण्याचा धोका आहे. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बीने इस्राएलला वेगळे ठेवले खरे, परंतु त्याच्या अनुयायांनी भाकिताचे वेळापत्रकच केले आणि वर्तमानपत्रातील युद्धवार्ता त्यात बसवू लागले. दोहोंतून निवडायचेच झाले तर साहित्याचे वाचक म्हणून आम्ही पहिल्याकडे झुकू. वेळापत्रकात प्रतिमेला जागाच उरत नाही. मात्र आउअरबाख यांची अट सोडायची आमची तयारी नाही.

होशेयच्या त्याच अध्यायात लेकराला हाताला धरून चालायला शिकवणारा, संतापलेला आणि तरीही त्याला सोडून देऊ न शकणारा देव आहे. मत्तयातून उलटे वाचत आलेल्या विद्यार्थ्याला हा देव भेटत नाही; त्याला भेटते ते एक सुटे वचन. अभ्यासक्रम आखणाऱ्यांना आमची सूचना साधी आहे: एक पूर्ण तासिका होशेयला द्यावी आणि मत्तय दुसऱ्या तासिकेला उघडावा.