स्लीव्ह की बायपास?

जिमची वर्षाची फी भरून झाली, डाएटिशियन बदलून झाली, तरी काटा तिथेच. मग लंच टेबलवर कुणीतरी हळूच म्हणतं, 'सर्जरीच करून टाक ना!' २०११ मध्ये नितीन गडकरींनी बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी करून घेतली, तेव्हा आमच्या विदर्भात हा जडजंबाल शब्द पानठेल्यावरही पोचला होता.

परवा वाशीमहून मामेभावाचा फोन. वय ३४, बीएमआय ३८, डायबिटीस, आणि रोज रात्री छातीत जळजळ. 'ताई, माह्या दोस्तानं स्लीव्ह केली. त्याचे सारे पॅन्ट ढिल्ले झाले. मीबी तेच करतो.'

अरे बाबा, ही काय जीन्स आहे, मित्राची बघून घ्यायला?

स्लीव्हमध्ये जठराचा जवळपास तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. उरते केळ्याएवढी नळी. भूक चाळवणारं घ्रेलिन हार्मोनही घटतं. आतड्याला हात लागत नाही, म्हणून ऑपरेशन त्यातल्या त्यात सुटसुटीत. पण जळजळ असेल तर ती वाढू शकते, आणि काढलेलं जठर काही परत येत नाही!

बायपासमध्ये जठराचा चिमुकला कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. जळजळ सहसा कमी होते, शुगरवरही हा थोडा सरस. अमेरिकेतल्या 'स्टॅम्पीड' अभ्यासात (२०१७) पाच वर्षांनी एचबीएवनसी ६ किंवा त्याखाली आलेले बायपासवाले २९ टक्के, स्लीव्हवाले २३, नुसत्या औषधांवरचे ५. म्हणजे जादू कशातच नाही. शिवाय आयर्न, कॅल्शियम, बी-१२ च्या गोळ्या जन्मभर. स्लीव्हनंतरही त्या लागतातच, पण बायपासवाल्यानं चुकवल्या तर जास्त महागात पडतं. एकेकाळी गाजलेला बँड आता फारसा कुणी बसवत नाही.

२०२५ मध्ये भारतात आलेलं मौंजारो? वजन उतरतं, पण इंजेक्शन थांबवलं की बहुतेकांचं पुन्हा चढतं.

भावाला म्हटलं, आधी एंडोस्कोपी कर, मग मित्राचं नाव काढ. समृद्धीमुळे नागपूर जवळ आलंय खरं, पण रक्ततपासणीची फेरी दरवर्षी आहे, ती धरून चाल. आणि मेडिक्लेम वाच. बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत आटोक्यात नसलेला डायबिटीस वगैरे, अशी अट बहुतेक पॉलिसींत असते. बाकीचे उपाय करून थकलात, हेही कागदावर दिसावं लागतं.

तीन वर्षांचे रिपोर्ट सापडले म्हणे. दोन किराणा बिलांच्या पिशवीत होते.