डेटाचा कारभारी कोण?

तुमच्या ऑफिसात बॅकअप कोण घेतं? ‘आयटीवाले’ हे उत्तर चालणार नाही. छोट्या ऑफिसात आयटीवाला म्हणजे ज्याला प्रिंटर सुरू करता येतो तो! कोडोलीत माझ्या चुलतभावाचं अकाउंट्सचं ऑफिस आहे, आठ कॉम्प्युटर. त्याचा सवाल सरळ होता, ‘सॉफ्टवेअर एकेका मशीनवर घालू, का समद्यांचा कारभार एकाच ठिकाणी? तेवढं सांग की.’

हा प्रश्न या भागाला तसा नवा नाही. कोडोलीला लागूनच वारणानगर. १९९८ मध्ये तिथल्या ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पात आसपासची ७० गावं कॉम्प्युटरने जोडायला घेतली होती. उसाची माहिती गावातल्या पीसीवरून कारखान्याकडे जायची. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चने ७ गावांत पीसीऐवजी एसएमएसवाला मोबाइल लावून पाहिला आणि काम भागलं. गावोगावचा पीसी सांभाळणं हीच तर कटकट होती.

बॅकअपचंही तेच. सुट्या सॉफ्टवेअरला खर्च कमी. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी, मॅकमध्ये टाइम मशीन फुकटच येतं. घरच्या लॅपटॉपला एकदम बेस्ट. पण आठ मशीन म्हणजे आठ वेळापत्रकं, आठ डिस्का. एखादी भरते, एखादीची केबल कुणीतरी मोबाइल चार्जिंगसाठी काढतं, आणि महिनोन्महिने पत्ता लागत नाही. (गूगल ड्राइव्ह आहे की, म्हणू नका. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे उडवलेली फाइल तिथूनही उडते.)

मध्यवर्ती पद्धतीत प्रत्येक मशीनवर छोटा एजंट बसतो आणि एकाच स्क्रीनवर दिसतं, कालचा बॅकअप कुणाचा झाला, कुणाचा राहिला. पैसेच नसतील तर अर्बॅकअपसारखं मोफत सॉफ्टवेअरही आहे. माझा हिशेब असा : तीन-चार मशीनपर्यंत सुटं चालेल, त्यापुढे मध्यवर्तीच. भावाला हेच सांगितलं.

फक्त तो स्क्रीन रोज सकाळी कुणीतरी बघायला हवा. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब कंपनीत एकाने चुकून चालू डेटाबेस पुसला. बॅकअप काढायला गेले, तर तो कितीतरी दिवस तयारच होत नव्हता आणि तसं सांगणारे ईमेल कुणापर्यंत पोचलेच नव्हते. सहा तासांपूर्वीची एक कॉपी योगायोगाने हाताशी होती, म्हणून निभावलं.

आणखी एक. सगळं एका सर्व्हरवर म्हणजे त्याचा पासवर्ड गेला की सगळंच गेलं. रॅन्समवेअरवाले आधी बॅकअपच शोधतात. तेव्हा आठवड्यातून एकदा एका डिस्कवर कॉपी घ्यायची, केबल काढायची आणि ती डिस्क दुसऱ्या जागी, उंचावर ठेवायची. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला ‘उंचावर’ का, ते विचारावं लागत नाही.